अचानक म्हणजे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पाचव्या पानावर अगदी तळाशी वायरमन दगावल्याची बातमी आहे. मथळा, ‘निष्काळजीपणा नडला’. निष्काळजीपणा कोणाचा, ते मात्र सांगितलेलं नाही. तिसऱ्या ओळीत आपणच लिहिता की त्याने मेन स्विच बंद करून काम सुरू केलं होतं आणि ‘अचानक वीजपुरवठा सुरू झाला’. अचानक म्हणजे काय हो? वीज म्हणजे काय वळवाचा पाऊस आहे? कोणीतरी जाऊन हाताने स्विच टाकला असणार. त्या हाताबद्दल आपल्या वार्ताहरांनी अवाक्षर काढलेलं नाही.

हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, म्हणून लिहितोय.

1991 साली मी एका साखर कारखान्यात वीजतंत्री होतो. हंगाम संपला होता, दुरुस्त्या चालू होत्या. गव्हाणीच्या (ऊस आत नेणाऱ्या पट्ट्याच्या) मोटरचा स्टार्टर उघडून बसलो होतो, त्यातल्या कॉन्टॅक्टरचे, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याचे, पॉइंट जळले होते. आमच्या वस्तादांचा दंडक होता : स्विच पाडायचा, तिन्ही फ्यूज उपसायचे आणि खिशात टाकायचे. टेबलावर नाही, पॅनेलवर नाही, खिशात. स्विचला कुलूप घालतात हे तेव्हा आमच्यापैकी कोणी पाहिलेलंही नव्हतं. मी तसंच केलं. टेस्ट लॅम्प आधी चालू फीडरवर, म्हणजे वीज असलेल्या दुसऱ्या लाइनवर, लावून पाहिला, मग माझ्या टर्मिनलवर, मग पुन्हा चालू फीडरवर, म्हणजे मधल्या मध्ये लॅम्पच गेला नाही ना याची खात्री. (दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेले. 440 व्होल्टला एकटा बल्ब तग धरत नाही. हल्लीची मुलं खिशाला लावायचा टेस्टर टेकवतात, लाकडी शिडीवर उभं राहून, भर उन्हात, आणि पेटला नाही म्हणजे वीज नाही! लाकडावर उभं राहिलं की तो नीट पेटत नाही आणि उन्हात पेटलेला दिसत नाही. असो.)

पॅनेल रूम तिथून शंभरेक पावलांवर. मुकादमाने एका नव्या मदतनिसाला सांगितलं, गव्हाण फिरवून बघायची आहे, लाइन टाक. पोरगा गेला तर फ्यूज जागेवर नाहीत. बिचाऱ्याला वाटलं, चोरीला गेले. स्टोअरला चिठ्ठी दिली, तीन कोरे फ्यूज आणले, बसवले, स्विच टाकला. इतकं चोख काम त्या कारखान्यात एरवी कोणी करत नसे. त्याला मी कधीच दोष दिला नाही. स्विचवर ना पाटी, ना कुलूप, त्याला कळणार कसं? इकडे माझा पाना दोन फेजवर, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या तारांच्या टोकांवर, होता. जाळ झाला. डाव्या हाताची दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. दवाखान्यात शर्ट कापून काढला तेव्हा खिशातले तीन फ्यूज खाली पडले आणि नर्सबाईंनी ते औषधांच्या ट्रेमध्ये नीट मांडून ठेवले.

चौकशीच्या कागदावर काय आलं? ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. स्टोअरची चिठ्ठी कोणी मागवलीही नाही.

1956 च्या भारतीय विद्युत नियमांत नियम 36 होता. माणसं काम करत असताना तार चुकूनही चालू होणार नाही अशी तजवीज करा, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. 2010 च्या विनियमांतही ते आलं. म्हणजे ‘अचानक’ होऊ द्यायचं नाही, हाच नियम आहे.

आता घरोघरी फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारे खटके, आले. सोयीचे आहेत, पण एमसीबी उपसून खिशात टाकता येत नाही. आमचा खिसाही गेला. खटका खाली केला की येणारा-जाणारा कोणीही वर करू शकतो. त्या खटक्यावर बसणारी क्लिप मिळते. तिला कुलूप घालायचं आणि किल्ली जो काम करतोय त्याच्याच खिशात, दुसरी किल्ली कोणाकडेच नाही. चौघं काम करत असतील तर भोकांची कडी मिळते, त्यात चौघांची चार कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत स्विच हलत नाही. मोठ्या कंपन्यांतली मुलं याला ‘लोटो’ म्हणतात (लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे कुलूप घाला, पाटी लावा). छोट्या कंत्राटदाराकडे विचारा, लॉटरी वाटेल त्याला. खर्च तसा किरकोळ.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत जिन्यातले दिवे दुरुस्त करायला एक मुलगा आला. त्याला मी माझं कुलूप दिलं. सचिव म्हणतात, “काका, कुलूप कशाला? आम्ही काय चोर आहोत?” तासाभरात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पाणी का चढत नाही म्हणून तरातरा मीटर रूममध्ये. खटक्याला हात घातला, तो हलेना. मग माझ्या नावाने शंख केला. करू देत. मुलगा तेव्हा वरच्या जिन्यात उघड्या तारा धरून उभा होता.

कालच्या बातमीतल्या स्विचला कुलूप होतं का, एवढं वार्ताहरांनी विचारून छापावं.

आपला,
एक निवृत्त वीजतंत्री, कराड
(नाव छापू नये)

ता. क. : आग कुठेही लागो, दुसऱ्या दिवशी आपल्याकडे ‘शॉर्टसर्किटमुळे लागल्याचा अंदाज’ ठरलेला. परवा तर गवताच्या गंजीला शॉर्टसर्किट झालं. त्या शेतात विजेचा खांबही नाही, मी स्वतः जाऊन पाहून आलो.