मावशी, तुम्ही गोधडी पालथी करून पाहिलीत

मावशींना नमस्कार.

हे पत्र तुमची लेक वाचून दाखवेल, म्हणून मोठ्यानं वाचता येईल असंच लिहिलंय. पत्र बाकीचेही वाचतील, म्हणून तुमचं नाव आणि गल्ली मुद्दाम गाळली आहे. "आधीच चार कामं अंगावर आहेत, आणखी माणसं पाठवू नका," असं तुम्हीच बजावलं होतं.

आजीची गोधडी तुमच्याकडे येण्याआधी तीन ठिकाणी फिरून आली होती. तिन्ही ठिकाणी ती काउंटरवर पसरली गेली, वरूनच पाहिली गेली आणि कुठं किती फाटलंय ते मोजलं गेलं. तुम्ही ती हातात घेतलीत, पालथी केलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि बोटं फिरवत बसलात. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग विचारलंत, "आजी डावखुऱ्या होत्या का हो?"

होती. जेवण उजव्या हातानं, पूजा उजव्या हातानं, कारण तसं वळण लावलं होतं. सुई मात्र डाव्या हातात. आजीला जाऊन इतकी वर्षं झाली, गोधडी इतक्या हातांतून गेली, पण ती शिवणारी बाई कशी होती हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बाकी सगळ्याचे आभार मानायचेच आहेत, पण हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

वाचणाऱ्यांना वाटेल की मावशींना काही सिद्धी वगैरे असावी. तसं काही नाही. दोऱ्याची सुरुवात जिथं होते तिथं गाठ असते आणि दोरा संपतो तिथं दोन उलटे टाके असतात. दोन्ही पाठीमागच्या अंगाला. गाठीकडून उलट्या टाक्याकडे बोट नेलं की दोरा कुठून कुठं गेला ते समजतं. आपल्याकडची गोधडी कडेनं सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्याकडे येते. उजव्या हाताची बाई गोधडीच्या बाहेर बसते, मधला भाग समोर ठेवते आणि उजवीकडून डावीकडे टाके घालते, त्यामुळे फेरी प्रदक्षिणेसारखी जाते. आजीची फेरी प्रदक्षिणेच्या उलट होती. आता, गोधडीवर बसून बाहेर तोंड करून शिवलं तर उजव्या हातानंही फेरी उलटी जाते, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही मधल्या शेवटच्या फेऱ्या तपासल्यात. तिथं बसायला जागाच उरत नाही, बाहेरूनच शिवावं लागतं. त्याही उलट्याच होत्या. म्हणजे सुई डाव्या हातात. याला म्हणतात काम वाचणं.

आजीबद्दल तुम्ही थोडंच विचारलं होतं आणि तेव्हा सांगायला सुचलंही नाही. ती राहायची ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत. एवढ्या जागेत गोधडी पसरायची तर संसार भिंतीला लावावा लागतो. म्हणून दुपारी नळ गेला की, गिरणीतली पहिल्या पाळीची माणसं घरी येईपर्यंतच्या वेळात ती चाळीच्या मधल्या लांब बोळात बैठक मांडायची. भांडीवालीला जुने कपडे देऊन भांडी घ्यायच्या आधी बायका लुगडी आजीला दाखवून घ्यायच्या. ती कापड डोळ्यांनी बघायचीच नाही. गालाला लावायची. मऊ पण जीव असलेलं ते गोधडीला, हाताला लागताच विरणारं ते पोतेऱ्याला, नायलॉन आणि टेरिकॉट भांडीवालीला.

यामागे शास्त्र आहे. शंभर धुण्यांतून गेलेल्या सुती कापडाची खळ गेलेली असते, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं, सुटायचा तो रंग सुटलेला असतो. नवं कापड आत घातलं की पहिल्या धुण्यात ते आटतं आणि बाकीच्या पदरांना, म्हणजे थरांना, चुण्या पडतात. टेरिकॉट घाम पीत नाही आणि शेजारच्या पदरावरून घसरतं.

नऊवारी लुगडं हे गोधडीचं मापच आहे. नऊ वार म्हणजे २७ फूट. चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबी येते, पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण चार फूट. एका लुगड्यात चार पदर आणि एका माणसाचं अंथरूण, कात्री न लावता. वर आणि खाली एकेक चांगलं कापड घातलं की सहा पदरी गोधडी तयार. दोन फेऱ्यांत पाऊण इंच अंतर धरलं तर कडेपासून मध्यापर्यंत ३२ फेऱ्या होतात. त्या सरळ केल्या तर १३० मीटरच्या आसपास लांबी भरते आणि इंचाला चार टाके धरले तरी वीस हजारांच्या वर टाके जातात. एवढं करून आजी मजुरी घ्यायची नाही. लुगडं ज्याचं त्याचं, दोऱ्याची रिळं ज्याची त्यानं आणायची. वर कोणी काही देऊ केलं तर म्हणायची, "उरलेल्या चिंध्या ठेवून जा."

त्या चिंध्यांतूनच तुमच्याकडे आलेली गोधडी झाली. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बघता बघता चाळीतून लुगडी येणं थांबलं. बायका तीच नेसत राहिल्या, ठिगळं लावून. आजीकडे उरले होते ते हाताएवढे तुकडे: इरकलीचे काठ, खणाचे कोपरे, गिरणीतून आलेली नमुन्याची कापडं. तिनं त्यांचा गोधडीच्या मधोमध सारीपाट मांडला. चार पट्टे, प्रत्येकात आठाच्या तीन ओळी, म्हणजे ९६ घरं. प्रत्येक घर शिवून दोन इंचाचं, कापताना अडीच. आडवा-उभा पाट भरतो ३८ इंच, चार फुटांच्या पन्ह्यात दोन्हीकडे पाच पाच इंच मोकळी सोडून बरोबर बसतो. हिशोब तोंडी केलेला. शाळा दुसरीपर्यंत. ज्या दिवसांत बोळात मोठी माणसं रिकाम्या हातानं बसलेली असायची, त्या दिवसांत पोरं या गोधडीवर कवड्या टाकत बसायची. रात्री तीच पांघरायची.

आता त्या तीन ठिकाणांबद्दल. नावं घ्यायची नाहीत, पण बोलायचं आहे. पहिल्यांनी ती धुण्याच्या मशीनमध्ये टाकली. भिजलेल्या सहा पदरी गोधडीचं वजन किती होतं हे उचलल्याशिवाय कळत नाही. ते वजन घेऊन ती गरगर फिरली, दोरे तुटले आणि खणाचा लाल शेजारच्या पांढऱ्या घरांत उतरला. पावतीच्या मागं बारीक अक्षरात "जबाबदारी नाही" छापलेलं होतं. ते दाखवायला मात्र ते विसरले नाहीत. दुसऱ्यांनी सुटलेल्या फेऱ्यांवर शिलाई मशीन चालवलं, तेही पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं. तिसरं ठिकाण फार सुंदर होतं, वातानुकूलित. त्यांनी सारीपाट कापून फ्रेम करू आणि उरलेल्याचे उशांचे अभ्रे करू असं सुचवलं. "बाकी तसं टाकाऊच आहे," हेही त्यांचेच शब्द.

तुम्ही काय केलंत ते इथं लिहिते, कारण घरोघरी ट्रंकांत अशा गोधड्या आहेत आणि लोक त्या चुकीच्या हाती देतात.

आधी मशीनचा दोरा काढलात. खेचून नव्हे. एका बाजूनं दर तिसरा-चौथा टाका कापायचा आणि दुसऱ्या बाजूनं दोरा अलगद उचलायचा. पॉलिएस्टर का नको, तेही तुम्ही एका वाक्यात सांगितलंत: "दोरा कापडापेक्षा ताकदीचा झाला की सुरी होतो." ओढ बसली की तुटायला हवा तो दोरा. दोरा पुन्हा घालता येतो, जुनं कापड तुटलं की संपलं.

मग धुणं, पण त्याआधी प्रत्येक रंगावर ओला पांढरा कपडा दाबून ठेवून पाहिलंत. लाल अजूनही सुटत होता, म्हणून ती घरं कोरडीच ठेवून बाकीचं रिठ्याच्या पाण्यानं टिपून काढलंत. डोक्याकडच्या बाजूला वर्षानुवर्षांचं केसांचं तेल मुरलं होतं, तिथं तीन वेळा. पिळलं नाही, टांगलं नाही. जुन्या टॉवेलांत दाबून पाणी शोषून घेतलं आणि खाटेवर आडवी पसरून सावलीत वाळवली. आणि हे सगळं पावसाळा सरेपर्यंत थांबून. जुलैत मुंबईत सहा पदर आतून वाळत नाहीत. वरून कोरडे लागतात, आत बुरशी धरते. घाई आमची होती, तुम्ही बधला नाहीत ते बरं झालं.

ठिगळाला तुम्ही नवं कापड घेतलं नाहीत. स्वतःच्या गाठोड्यातली विटकी लुगडी काढून, गालाला लावून पाहिलीत (तेव्हा आमच्यातलं कोणीच कोणाकडे बघत नव्हतं). विरलेला भाग कापून टाकला नाहीत, ठिगळ त्याच्या खालून सरकवलंत, उभा धागा उभ्याला जुळवून, कारण तिरकं बसलेलं ठिगळ प्रत्येक धुण्यात आपल्या बाजूला ओढतं. मग वीतभर अंतरानं कच्चे टाके, मधून कडेकडे, म्हणजे चुणी बाहेर निघून जाते. मग खरे टाके: सुती दोरा मेणावरून ओढून, हाताच्या लांबीपेक्षा जास्त नाही, कारण लांब दोरा कापडातून जाऊन जाऊन मध्येच पिंजतो. सुई बारीक. दाभणानं काम भराभर होतं, पण जुन्या कापडाला पडलेली भोकं मिटत नाहीत.

आणि इथं पुन्हा तो प्रश्न येतो. तुमचा हात उजवा. तुम्ही तुमच्या सवयीनं फेऱ्या घातल्या असत्या तर आम्हाला काय, कोणालाच कळलं नसतं. पण तुम्ही गोधडीच्या मधोमध बसून, बाहेर तोंड करून शिवलंत, म्हणजे फेरी आजीसारखी जाईल. आत आत आल्यावर बसायला जागा उरली नाही, तेव्हा गोधडी पालथी घालून मागून शिवलंत आणि गाठी पदरांच्या मध्ये लपवल्यात. या वयात पाठीला ते काय पडलं असेल! तुमच्या लेकीनं सांगितलं म्हणून समजलं, तुम्ही तर चकार शब्द काढला नव्हता.

उतरलेल्या लाल रंगाबद्दल तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "हा जायचा नाही. घालवायला गेलं तर कापड जाईल." ठिकठिकाणी "होईल, होईल" ऐकून कान किटले होते. "होणार नाही" असं सरळ सांगणारं माणूस भेटलं तेव्हा किती हलकं वाटलं म्हणून सांगू! या शहरात अशी माणसं आहेत, फक्त त्यांची पाटी नसते. घड्याळाचा पट्टा शिवून पैसे न घेणारा फुटपाथवरचा चांभार, "अजून दोन वर्षं जाईल, नवा घेऊ नका" म्हणणारा पंखेवाला. त्यांच्या जोरावर आपलं चालतं आणि आपण चकचकीत काउंटर शोधत फिरतो.

गोधडी आता सुती चादरीत गुंडाळून ठेवली आहे, प्लास्टिकमध्ये नाही. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला, तोही चादरीच्या बाहेर. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दर दोन महिन्यांनी घडी बदलते, म्हणजे एकाच रेषेवर कापड चिरणार नाही.

पैशांचं तुम्ही रोजाच्या हिशोबानं घेतलंत आणि पालथ्या शिवणाचे दिवस धरलेच नाहीत. जास्तीचं म्हणून एकच मागितलंत: आजीच्या दुपट्याचं, म्हणजे तान्ह्या बाळाच्या छोट्या गोधडीचं, माप. आत्याकडून नीट विचारून घेतलं, ते असं.

एका नऊवारीत तीन दुपटी. प्रत्येकाला तीन वार, त्याचे एकेक वाराचे तीन पदर. पन्ह्यातून फूटभर पट्टी काढायची म्हणजे वारभर चौरस राहतो. पट्टी लंगोटांच्या बंदांना. चौथा पदर घालायचा नाही, पावसात वाळत नाही. कापड आधी पाण्यात उकळून कडक उन्हात वाळवायचं. काठ, जर, खण काही नको, बाळाला टोचतं. कडा अर्धा इंच आत दुमडायच्या. फेऱ्यांत दोन बोटांचं अंतर, दाट शिवलं तर दुपटं ताठ होतं. गाठी सगळ्या पदरांच्या आत. बाळ व्हायच्या आधी सुई लावायची नाही. निरोप आला की बसायचं, बारशापर्यंत द्यायचं. कडेची पहिली फेरी आजी प्रदक्षिणेच्या उलट घालायची. तुम्ही तुमच्या हाताला येईल तशी घाला.

तुमची,
सारीपाटाच्या गोधडीवाली