मल्टिव्हिटॅमिनच्या नापास बॅचची यादी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत मल्टिव्हिटॅमिनची गोळी कशी निवडावी यावर लेख आला होता. नामांकित कंपनीची घ्या, फार स्वस्त घेऊ नका, मुदत पाहून घ्या, असे त्यात म्हटले होते. त्याचे कात्रण घेऊन काही जण माझ्याकडे आले, म्हणून हे पत्र. चिपळुणात माझे मेडिकल आहे. बी.फार्म. झाल्यापासून काउंटरमागे मीच उभी असते. त्या लेखातला सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो वाचून माणूस निर्धास्त होतो आणि बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचायची राहून जातात.

आधी एक गोष्ट, जी लेखात नव्हती. माझ्याच कपाटात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन मल्टिव्हिटॅमिन दोन वेगळ्या कायद्यांखाली येतात. एक असते औषध, १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचे. दुसरी कायद्याने चक्क अन्नपदार्थ असते, २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालची. ओळखायचे कसे? औषधावर 'मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर' असतो. अन्नावर एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) चिन्ह, १४ आकडी परवाना क्रमांक, चौकोनातला हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण, आणि 'हेल्थ सप्लिमेंट', 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असे शब्द. डॉक्टरांनी लिहून दिले म्हणजे औषधच असणार, असे गिऱ्हाईक धरून चालते. तसे नसते. अन्न परवान्यावरचे सप्लिमेंटही चिठ्ठीवर सर्रास लिहिले जाते.

याने फरक काय पडतो? औषध असेल तर जीवनसत्त्वांच्या मात्रेला औषध नियमांतल्या शेड्यूल व्ही या परिशिष्टाच्या मर्यादा आहेत आणि किंमत नियंत्रणाचा आदेश लागू होतो. गोळीत लेबलाप्रमाणे माल आहे का आणि ती पोटात फुटते का, याच्या चाचण्या फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, ठरलेल्या आहेत. पातळ आवरणाची गोळी ३७ अंशांच्या पाण्यात ३० मिनिटांत फुटून सुटी झाली पाहिजे, साखरेच्या आवरणाची ६० मिनिटांत. जी गोळी फुटतच नाही, तिच्या लेबलावर कितीही जीवनसत्त्वे छापलेली असली तरी ती अंगी लागत नाहीत. अन्न परवान्यावरच्या मालाला किंमत नियंत्रणाचा आदेश नाही, आणि तो किराणा दुकानात, जिममध्ये, मोबाइलवर कुठेही विकता येतो. तो माल वाईटच असतो असे मी म्हणत नाही. चांगल्या कारखान्यातून तो उत्तमही निघतो. पण कुठला उत्तम आणि कुठला नाही, हे घेणाऱ्याला बाटलीवरून कळत नाही. १४ आकडी क्रमांक 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर टाकून पाहिला तर परवाना खरा आहे एवढे समजते, आणि तेवढे जरूर पाहावे. हातातल्या बाटलीत काय आहे ते त्यातून समजत नाही.

ते ठरते बॅचवर, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनवलेल्या खेपेवर. नाव तेच, वेष्टन तेच, कारखाना तोच, तरी एक बॅच पास होते आणि पुढची नापास. दिल्लीची केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला 'दर्जा नसलेल्या' औषधांची यादी आपल्या संकेतस्थळावर टाकते. औषधाचे नाव, बॅच नंबर, उत्पादक आणि कशात नापास झाले तेही त्यात असते. ऑगस्ट २०२४ च्या यादीत कॅल्शियम व डी३ च्या ('ड' जीवनसत्त्वाचा प्रकार) आणि बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचे नमुने होते. त्यातल्या एका प्रसिद्ध नावाबद्दल कंपनीने सांगितले की ती बॅच आमची नाहीच, ती बनावट आहे. तिचे म्हणणे खरे असेल तर 'नामांकित कंपनीची घ्या' हा सल्ला गिऱ्हाइकाला वाचवत नाही, कारण नकली माल नामांकित नावानेच निघतो. त्यावर उपाय एकच, पक्के बिल घ्या आणि त्यावर बॅच नंबर आहे का ते पाहा. जो दुकानदार बॅच नंबर टाकून बिल देतो, त्याचा माल कुठून आला ते शोधता येते. सवलतीच्या मोहात बिनबिलाची बाटली घेतली की तो माग तिथेच तुटतो.

एका बॅचची चूक किती महाग पडते, याचे अमेरिकेतले २००८ सालचे उदाहरण मी माझ्या दुकानातल्या मुलांना सांगत असते. तिथे एका द्रवरूप सप्लिमेंटमध्ये दर मात्रेला २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम हे खनिज असायला हवे होते, मिसळताना चूक झाली आणि ते सुमारे २०० पट पडले. दहा राज्यांत मिळून २०१ माणसे आजारी पडली. जुलाब, सांधेदुखी, केस गळणे, नखे खराब होणे. तब्येत सुधारावी म्हणूनच ही माणसे ते सप्लिमेंट घेत होती. सेलेनियम आपल्याकडच्या बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्येही असते, मात्रा योग्य असेल तर त्याचा त्रास नाही. पण ती योग्य पडली का, हे चाचणीशिवाय कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

आता मात्रेबद्दल. मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

ओळखीतल्या एक काकू दुधाच्या धुतलेल्या पिशवीत सगळ्या गोळ्या भरून आल्या. "ताई, भूकच लागत नाही, तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही. एखादं चांगलं टॉनिक दे." मी पिशवी काउंटरवर रिकामी केली. हाडांच्या डॉक्टरांची कॅल्शियमची गोळी, दिवसाला दोन, प्रत्येकीत डी३ ५०० आय.यू. (जीवनसत्त्व मोजायचे आंतरराष्ट्रीय एकक). फॅमिली डॉक्टरांची मल्टिव्हिटॅमिन, तीत ४००. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेल्या गमी (चघळायच्या गोड गोळ्या), दोन गमींत मिळून २,०००. आणि आठवड्याला एक घ्यायची डी३ ६०,००० ची कॅप्सूल. ती आठ आठवड्यांसाठी लिहिलेली होती, पण काकू त्याच जुन्या चिठ्ठीवर दिवाळीपासून घेत होत्या. मी त्यांच्यासमोर कागदावर बेरीज मांडली. रोजचे ३,४००, आणि साप्ताहिक कॅप्सूलचे दिवसाला साडेआठ हजार. म्हणजे जवळजवळ १२,०००. मोठ्या माणसाची 'ड' ची रोजची गरज ६०० आणि सुरक्षित कमाल मर्यादा ४,०००, असे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात आहे. टॉनिक न देता मी त्यांना तो कागद घेऊन डॉक्टरांकडे पाठवले. जादा 'ड' मुळे रक्तातले कॅल्शियम वाढलेले निघाले. भूक जाणे, कोरड पडणे, बद्धकोष्ठ, सगळे त्याचेच होते आणि काकू ते वयावर ढकलत होत्या.

यातली एकही गोळी नकली नव्हती. प्रत्येक गोळी आपापल्या जागी बरोबर होती. बेरीज मात्र कुणीच केली नव्हती.

अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे. जास्तीची लघवीवाटे निघून न जाता अंगात साठतात. 'क' आणि 'ब' गटाची बरीचशी निघून जातात, म्हणून ती कितीही चालतात असा समज आहे. बी६ ला तो लागू नाही. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर हातापायांच्या नसांना इजा होते, आणि मुंग्या येतात म्हणून माणूस आणखी एक बी कॉम्प्लेक्स सुरू करतो. लघवी गर्द पिवळी झाली म्हणजे गोळी 'लागू पडली' असे मला कितीतरी जण सांगतात. तो रंग बी२ चा असतो. त्यावरून दर्जा ठरत नाही.

गरोदर बाईने 'अ' जीवनसत्त्वाचा आकडा पाहिल्याशिवाय मल्टिव्हिटॅमिन घेऊच नये. काही गोळ्यांत ते १०,००० आय.यू., म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम असते. ही दिवसाची कमाल मर्यादाच आहे, आणि रेटिनॉल (गोळीतले तयार 'अ') त्यापुढे गेले तर पोटातल्या बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मि.ग्रॅ. लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. फुकट मिळते म्हणून ती कमी प्रतीची असेल असे समजून बाजूला ठेवतात आणि महागडी बाटली आणतात. असे करू नये. लोहाची कुठलीही गोळी लहान मुलांच्या हाती लागता कामा नये. मुठभर गोळ्या गिळल्या तर मुलाच्या जिवावर बेततात, आणि गमीच्या रूपात आल्या की मूल त्या खाऊ समजते.

लेबल वाचताना आकडा कशाचा आहे तेही पाहावे. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.' म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. झिंकचे आणि लोहाचे तसेच, क्षाराचे वजन वेगळे आणि आतल्या धातूचे वेगळे. क्षाराचा मोठा आकडा पुढे छापला की बाटली ताकदवान वाटते. 'अप्रोप्रिएट ओव्हरेजेस ॲडेड' असेही बारीक अक्षरांत असते. साठवणुकीत जीवनसत्त्व कमी होत जाते, म्हणून मुदत संपेपर्यंत लेबलाइतके उरावे यासाठी सुरुवातीला थोडे जास्त घालतात. ही मान्य पद्धत आहे. मात्र ताज्या गोळीत लेबलापेक्षा जास्त असू शकते, हे मर्यादेच्या काठावर असणाऱ्याने लक्षात ठेवावे.

केसांसाठी बायोटिन हे 'ब' गटातले जीवनसत्त्व घेणाऱ्या मुली हल्ली फार. रोजची गरज ४० मायक्रोग्रॅम आणि गोळीत १०,००० असते. एका मुलीचा थायरॉइडचा रिपोर्ट भलताच आला होता, ती थायरॉइड कमी करण्याच्या गोळ्यांची चौकशी करत आली. बोलता बोलता बायोटिनचे निघाले. डॉक्टरांनी ते बंद करवून पुन्हा रक्त तपासले तर सगळे ठीक. बायोटिनमुळे काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकतात, हृदयविकाराच्या झटक्यात करतात त्या ट्रोपोनिनचेसुद्धा, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१७ मध्ये दिला आहे. रक्त द्यायला गेल्यावर 'काही औषध चालू आहे का' असे विचारले तर 'नाही, फक्त व्हिटॅमिन' हे उत्तर देऊ नका, बाटलीच दाखवा. थायरॉइडची गोळी आणि लोह-कॅल्शियम असलेली मल्टिव्हिटॅमिन यांत चार तासांचे अंतर हवे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल तर 'के' जीवनसत्त्व मनाने सुरू करू नये, बंदही करू नये. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या (शरीरात ज्याचे 'अ' बनते त्याच्या) मोठ्या मात्रेपासून दूर राहावे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, तिचा निष्कर्ष १९९४ मध्ये आला. रोज २० मि.ग्रॅ. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला.

आमच्या कोकणात आणखी एक प्रश्न हवेचा. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेल्या 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर आठवडाभरात पिवळे-तपकिरी ठिपके येतात. साखरेचे आवरण चिकट होते, जेलची कॅप्सूल एकमेकीला धरते. मुदत दोन वर्षांची असली तरी ती गोळी टाकून द्यावी. बाटलीतली सिलिका जेलची पुडी फेकू नका, आणि एका बाटलीतल्या गोळ्या दुसऱ्या डब्यात ओतू नका. बॅच नंबरही त्या बाटलीबरोबर जातो.

संपादक महोदय, आता माझे मागणे. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० औषध ब्रँडना क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. तो प्रत्येक मल्टिव्हिटॅमिनवर यावा, परवाना औषधाचा असो वा अन्नाचा, आणि कोड उघडला की त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल दिसावा. अन्न परवान्यावरच्या मालाच्या नापास नमुन्यांची बॅचवार यादी औषधांसारखी दर महिन्याला निघावी. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अन्न आणि औषध दोन्ही खाती आहेत, त्यामुळे सुरुवात महाराष्ट्रातून होऊ शकते. मुख्य सूचना मराठीतही आणि वाचता येतील एवढ्या अक्षरांत असाव्यात. आज कायद्याने इंग्रजी किंवा हिंदी पुरते.

हे सरकारने करायचे. आपल्या हातातली गोष्ट त्याहून सोपी आहे. केंद्राची मासिक यादी आजही उघड आहे, पण इंग्रजीत आहे, आणि पासष्ट वर्षांच्या काकू ती संकेतस्थळावर जाऊन शोधणार नाहीत. त्या रोज आपला पेपर मात्र वाचतात. त्या यादीतली जीवनसत्त्वे, कॅल्शियम आणि लोहाची नावे बॅच नंबरसह महिन्यातून एकदा एका चौकटीत छापावीत. कंपनीचा खुलासा आला तर तोही शेजारी द्यावा. यादीतले इंग्रजी मराठीत आणून द्यायला मी तयार आहे, मानधन नको. चौकट आली की कात्रण काउंटरवर लावीन, आणि त्यातली बॅच माझ्याकडून गेली असेल तर बिलबुकावरून गिऱ्हाइकाला फोन करून ती परत मागवीन.

कळावे,
आपली वाचक,
एक फार्मासिस्ट, चिपळूण, जि. रत्नागिरी
(नाव कृपया प्रसिद्ध करू नये.)