दिसणारी शिल्लक आणि खरी शिल्लक

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईघाईत सांगितलंस की बँकेने ओव्हरड्राफ्टचं, म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त खर्च झाल्याचं, शुल्क कापलं, तेही एका दिवसात तीनदा, आणि लगेच विषय बदललास. तुला लाज वाटत होती ते कळलं. पैसे जपून वापरता येत नाहीत म्हणून हे झालं, असं तू धरून बसली आहेस. मला वाटतं, यात उधळेपणापेक्षा वेळेचं गणित जास्त आहे.

ॲपमध्ये बहुधा दोन आकडे दिसतात. एक खात्यातली शिल्लक, दुसरा वापरता येणारी शिल्लक. कार्ड स्वाइप केलं की बँक तेवढी रक्कम आधी नुसती अडवून ठेवते, प्रत्यक्ष वळती होते एखाद-दोन दिवसांनी. हॉटेलची खोली किंवा भाड्याची गाडी घेतलीस तर बिलापेक्षा जास्त रक्कम अडकते आणि ती सुटायला वेळ लागतो. तू कुणाला दिलेला चेक मात्र त्याने बँकेत भरेपर्यंत यातल्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही. म्हणून बघायचा तो दुसरा आकडा, आणि त्यातूनही दिलेले पण अजून वटायचे असलेले चेक आणि येऊ घातलेले हप्ते वजा करायचे.

आता तीनदा का कापलं असेल ते बघ. समज, खात्यात 100 आहेत. दिवसभरात 6, 8 आणि 12 असे किरकोळ खर्च झाले आणि रात्री 95 चा हप्ता गेला. याच क्रमाने नोंदी झाल्या तर छोटे खर्च सगळे बसतात, फक्त हप्त्याला पैसे कमी पडतात आणि शुल्क एकदाच लागतं. पण बँकेने आधी 95 वळते केले तर उरतात 5, आणि मग 6, 8, 12 या प्रत्येकावर वेगळं शुल्क. शुल्क सोडलं तर दोन्हीकडे खातं उणे 21 वरच येतं! मोठी रक्कम आधी वळती करण्याच्या या पद्धतीवरून अमेरिकेत बँकांवर खटले झाले आहेत. मला ही पद्धत सरळ अन्यायाची वाटते. तुझ्या खात्याच्या उताऱ्यात नोंदी कुठल्या क्रमाने पडल्या आहेत ते आधी तपास.

दुसरं म्हणजे, खात्यात पैसे नसताना कार्ड चालतं ती सोय म्हणजे कर्जच आहे, आणि त्याला नाही म्हणता येतं का ते विचार. अमेरिकेत 2010 पासून एटीएम आणि कार्डाच्या खरेदीवर असं शुल्क लावायचं तर खातेदाराची आधी संमती लागते. ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 पासून ठरावीक शुल्क बंदच झालं, तिथे फक्त वार्षिक दराने व्याज लावता येतं. खातं उघडताना केलेल्या सह्यांमध्ये तुझी संमतीही गेली असेल, तर ती काढून घे. मग पैसे नसतील तेव्हा कार्ड चालणार नाही. काउंटरवर जरा ओशाळल्यासारखं होईल, ते होऊ दे.

चेक आणि हप्त्यांना मात्र याचा उपयोग नाही. ते परत गेले तर बँक परतीचं शुल्क लावू शकते आणि ज्याला पैसे द्यायचे तोही वर दंड लावू शकतो. तेव्हा हप्त्यांच्या तारखा पगारानंतर दोन-तीन दिवसांनी येतील अशा बदलून माग, पुष्कळ ठिकाणी बदलून देतात. पगाराच्याच दिवशी नको, सुट्टी आली की पगार जमा व्हायला उशीर होतो. शिल्लक अमुक रकमेच्या खाली गेली की मेसेज येईल अशी सोय चालू कर. बचत खातं या खात्याला जोडता येत असेल तर तेही कर, म्हणजे कमी पडलेले पैसे तिथून येतील, फक्त त्या वळतीचे वेगळे पैसे घेतात का ते आधी विचार.

आणि उद्या बँकेला फोन कर. काही बँका खातं उणे राहिल्याच्या दर दिवसाचं वेगळं शुल्क लावतात, म्हणून आधी पैसे भरून खातं वर आण. मग सांग, "एकाच दिवसात तीन शुल्कं लागली आहेत, ती परत करा." पहिल्याच वेळी असं झालं असेल तर बँका पुष्कळदा निदान काही रक्कम परत देतात, पण मागितल्याशिवाय नाही. समोरच्याने नाही म्हटलं तर वरिष्ठांशी बोलायचं आहे म्हण आणि तक्रारीचा क्रमांक घे. पैसे कमी पडत असतील तर मला सांग, मी पाठवते. उताराही पाठव, दोघी मिळून बघू.

तुझी,
आई