१२१

दापोली, रविवार रात्र

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

दुपारी तू फोन ठेवलास, म्हणजे आपटलासच. चूक माझी. रेवाचा निकाल लागेपर्यंत त्या विषयावर अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवून बसले होते आणि पाचव्या मिनिटाला विचारलंच, "कमी पडले तर तिला काय सांगणार?" तू म्हणालीस, "आई, हे तू मला विचारतेस?" आणि ते शिष्यवृत्तीचं काढलंस. मी म्हटलं, आठवत नाही. असो.

हे पत्र रागाचं नाही. चिन्मय उद्या फोटो काढून पाठवील. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझी ओळ वर चढते, तेवढं सांभाळून घे.

तुमच्या इंग्लंडातल्या ग्रामर स्कूलच्या, म्हणजे निवडून मुलं घेणाऱ्या सरकारी शाळांच्या, त्या परीक्षेचं नाव इलेव्हन प्लस, आणि आपली पोर परवा २९ ऑगस्टला दहाची झाली. तीन दिवस उशिरा जन्मली असती तर एक इयत्ता मागे असती. वयाचे महिने मोजून गुण जुळवून देतात, हे निखिलने समजावलं तेव्हा मला खरंच कौतुक वाटलं. आमच्या वर्गात कोण किती महिन्यांचं, हे बघायला कुणाला सवड होती! पण एवढं करून शेवटी पास व्हायचा आकडा एकच, १२१. १२० आले की विनंतीअर्ज.

आणि ते पेपर! उन्हाळ्यात तिला बसने क्लासला नेत होते तेव्हा बाहेर बसून चाळले. या शब्दातलं अक्षर उचलून त्या शब्दात घाला, पाचांतली वेगळी आकृती शोधा. शिकवून येणार नाही अशी उपजत बुद्धी मोजायची, हा म्हणे यामागचा मूळ विचार. आणि त्याचीच शिकवणी, आठवड्यातून दोनदा! हसू नको, मीही चौतीस वर्षं शिष्यवृत्तीचे जादा तास घेतलेत.

तुमच्या शेजारच्या आजी बागेत भेटायच्या, त्यांच्याबद्दल तुला बोलले नव्हते. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, माझं त्यांना पाव. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तिकडे शाळा वाटून दिल्या. परीक्षेत निवडली गेलेली, साधारण चौथा हिस्सा मुलं ग्रामर स्कूलला. बाकीची बहुतेक सगळी सेकंडरी मॉडर्न नावाच्या साध्या शाळांत. पुढे १९६५ पासून सरकारने ही वाटणी मोडायला सांगितलं, बहुतेक ठिकाणी मोडलीही. देशभरात आता १६३ ग्रामर स्कूल उरल्यात आणि तुम्ही घर घेतलंत ते नेमकं बकिंगहॅमशरमध्ये, जिथे अजून सगळी पद्धत तशीच! तर त्या आजींच्या भावाला पास झाल्यावर सायकल मिळाली. यांना नाही. ऐंशीच्या घरातली बाई, नर्स म्हणून जन्म काढला, नातवंडं डॉक्टर, मला सांगताना म्हणाल्या, "आय फेल्ड." आणि त्या दिवशी पायात कुठले बूट होते, तेही सांगितलं. आईने दारातच विचारलं होतं म्हणे, काय झालं ते.

म्हणून मी विचारत होते, बाकी काही नाही. निकाल ईमेलने येणार, तुझ्या मोबाइलवर. म्हणजे रेवा शाळेतून येईल तेव्हा तुला आधीच ठाऊक असेल आणि तुझा चेहरा तिला दारातच दिसेल.

बघ, लागले शिकवायला. तू आई आहेस, तुला कळतं. माफ कर.

तिकडच्या शिक्षणाचं मला लहानपणापासून भलतं अप्रूप. कारण एकच, मुर्डीचे परांजपे. आपल्या दापोली तालुक्यातला मुलगा १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिला येतो, सीनियर रँग्लर होतो! पहिला नंबर दुसऱ्या एकाबरोबर विभागून होता, ते मी वर्गात जरा हळू सांगायचे. दरवर्षी जूनमध्ये सांगायचे, तूही ऐकलंयस. निखिल मला केंब्रिज दाखवायला घेऊन गेला तेव्हा तिथे कळलं की त्याच यादीत जो शेवटचा यायचा, त्याला त्याचे मित्र भर समारंभात वरच्या सज्जातून दोरीने भला मोठा लाकडी चमचा सोडायचे. वल्ह्याएवढा! १९०९ पर्यंत चाललं हे. म्हणजे परांजपे पहिले आले त्या वर्षीही कुणाच्या तरी हातात चमचा पडलाच असणार. तो कोण होता, त्याचं पुढे काय झालं, हे एवढ्या वर्षांत माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

रेवाला मात्र मी वेगळीच गोष्ट सांगून आलेय. १८९० मध्ये केंब्रिजच्या त्याच परीक्षेत फिलिपा फॉसेट नावाच्या मुलीला त्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलापेक्षाही जास्त गुण पडले. पण बायकांना क्रमांक नव्हता, म्हणून नुसतं "सीनियर रँग्लरच्या वर" असं जाहीर केलं. केंब्रिजने बायकांना रीतसर पदवी द्यायला १९४८ उजाडलं. रेवाने विचारलं, "मग आजी, ती पास की नापास?" काय डोकं आहे गं पोरीचं! तुझंच.

आता ते. मला आठवतं, मुक्ता. फोनवर खोटं बोलले. शाळेच्या व्हरांड्यात, घंटेखाली, कुलकर्णीबाई आणि गुरुजी उभे असताना मी म्हटलं, "निदान माझी तरी लाज राखायचीस. दादाने राखली." तू सातवीत होतीस. शिष्यवृत्तीला चार गुण कमी. घरी येऊन तू साराला हात लावला नाहीस आणि मी तुला एकदाही जेव म्हटलं नाही. वाटलं होतं, लागेल मनाला, मग करील अभ्यास. तू केलासही. इथे लोक म्हणतात, बाई कडक होत्या म्हणून पोरगी इंग्लंडला पोचली. मी काही बोलत नाही. तुझा फोटो मात्र काढून दाखवते, पोस्टमनलासुद्धा.

निखिलच्या घरच्यांना निकालाचा मेसेज लगेच टाकू नका, एवढं ऐक. संध्याकाळपर्यंत थांबा. आणि दारात तूच पहिली जाऊ नकोस, निखिलला पाठव. त्याला चेहरा लपवता येतो, तुला माझ्यासारखाच येत नाही.

पुन्हा तेच सुरू झालं माझं.

आमसुलं आणि कुळथाचं पीठ दादाच्या मित्राबरोबर पाठवलंय, चौदा तारखेला तो लंडनला उतरेल. तुमचे सकाळचे नऊ म्हणजे आमचे दुपारचे दीड. शुक्रवारी मी फोन करणार नाही. रेवाला वाटलं तर तिने करावा, मी तिला मांजराच्या पिल्लांचं विचारीन. तीन झालीत, माळ्यावर.

तुझी,
आई