बॅटरी बदलायच्या आधी अर्थची वायर तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती येतात, इंजिन टकाटक, टायर नवे, कागदपत्र क्लिअर वगैरे. मीही गेल्या वर्षी इंजिन अन् टायर पाहूनच सेकंडहँड डिझेल पिकअप घेतली. वायरिंग कोण पाहते बाप्पा!

काटोलहून रात्री संत्रा भरायचा अन् पहाटे कळमन्याच्या मार्केटला लागायचं, हे आपलं काम. आंबिया बहाराचा सीझन ऐन जोरात अन् गाडी सेल्फच (स्टार्टर) उचलेना, नुसती टकटक. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, बॅटरी गेली." साडेसहा हजाराची नवी टाकली, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, मग डायनॅमो (बॅटरी चार्ज करतो तो) खोलला, मग सेल्फ खोलला, पैसे तीनदा गेले अन् बिमारी जिथल्या तिथं.

शेवटी वाडीकडच्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे गाडी नेली. त्यानं पाना हातात घ्यायच्या आधी विचारलं, "इंडिकेटर लावला का मागचा लाईट मंद होते काय?" होत होता! मी समजत होतो बल्ब जुना आहे. काका म्हणाले, मंग हे अर्थचं काम आहे, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी. मीटर लावला तर गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१, म्हणजे बॅटरीही चांगली अन् डायनॅमोही. मग एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या बॉडीला, अन् मला सेल्फ मारायला लावला तर मीटरवर १.८ व्होल्ट. तिथं अर्धा व्होल्टही जास्त होतो म्हणे. इंजिन ते चेसिस अर्थची पट्टी आतून गंजलेली अन् विकायच्या आधी कोणीतरी तिच्यावर मस्त काळा पेंट मारलेला. काकांनी घासून नवी पट्टी लावली, ४०० रुपये.

एक गोष्ट काकांनी दोनदा सांगितली. नुसता मीटर लावून बारा व्होल्ट दिसले म्हणजे तार बरोबर असं नाही, तारेतला एक धागा शिल्लक असला तरी बारा दिसतात, लोड पडला, म्हणजे सेल्फ किंवा लाईटनं करंट ओढला, की मगच खरं कळतं.

एवढं करूनही दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसायची. काकांनी मायनसची वायर काढून मधात मीटर लावला, सगळं बंद असताना ०.८ अँपिअर जात होते. दोन दिवसात ३८ अँपिअर-अवर, ७५ च्या बॅटरीतून अर्धा माल गायब. एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा हलेना, कारण जुन्या मालकानं टेपचा अँप्लिफायर थेट बॅटरीवरून घेतलेला, मधात फ्यूजच नाही. ती वायर काढली अन् आकडा ०.०३ वर आला. (मीटर असा लागलेला असताना सेल्फ मारू नका, मी मारला अन् मीटरचा फ्यूज उडवला, काकांच्या शिव्या खाल्ल्या ते वेगळं.)

फ्यूजबॉक्स उघडला तर तिथं अजून मजा, १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा अन् एका ठिकाणी तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, अशात तार तापली तर फ्यूज काही उडणार नाही, तारच जळेल अन् मागं क्रेट भरलेले.

तर विनंती एवढीच, त्या जाहिरातींच्या बाजूला एक छोटी चौकट छापा: गाडी घेताना इंडिकेटर, ब्रेकलाईट, हेडलाईट एकदम लावून पाहा, फ्यूजबॉक्स उघडून पाहा, बॅटरीच्या प्लसवर जास्तीच्या वायरी किती ते मोजा. माझ्या गाडीवर पाच होत्या.

आपला,
एक पिकअपवाला, नागपूर