अंगणातली भट्टी: आई-अण्णांना पत्र

सातारा

ती. आई आणि अण्णा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर अण्णांना नीट ऐकू येत नाही, आणि भट्टीचं सगळं बोलणं फोनवर होण्यासारखंही नाही, म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाचा. चश्मा लावून वाचा.

अण्णा, तुम्ही विचारलंत, घरात गॅस आहे, लाईटवरचा ओव्हन आहे, मग अंगणात पिझ्झासाठी लाकडाची भट्टी कशाला? त्याचं उत्तर देते. पण आई जे बोलली ते जास्त आत गेलं. ती म्हणाली, "माझे डोळे धुरानं गेले, आता तू परत धूर घरात आणणार का?" आधी तिचंच बोलू दे.

आई, तुझं ते स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांसमोर आहे. एकच झरोका, पावसाळ्यात ओलं जळण, फुंकणी घेऊन वाकलेली तू, आणि भाकरी परतता परतता पदरानं डोळे पुसणं. दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं. तुझ्या दम्याचं निदान करताना डॉक्टरांनी पहिला प्रश्न चुलीचाच विचारला होता. मी तिथंच बसले होते. लाकडाचा धूर माणसाला बाधतो, आणि भट्टीला पिझ्झाची म्हटलं म्हणून तो कमी बाधत नाही, हे पक्कं धरूनच मी सगळं आखलंय. भट्टी घराच्या भिंतीपासून लांब, अंगणाच्या कोपऱ्यात आहे. धुराडं डोक्याच्या बरंच वर नेलंय. शेजाऱ्यांची खिडकी त्या बाजूला नाही, ते आधी बघितलं. आणि पेटवायची ती सणावाराला, पोरांच्या वाढदिवसाला, तुम्ही आलात की. रोजची भाकरी गॅसवरच होणार. चूल परत आणायची नाहीये मला. पण त्या चुलीपाशी आणि अण्णांच्या गुऱ्हाळावर जे ज्ञान होतं, ते तुमच्यासोबत संपून जावं हे मला सहन होत नाही. खरं कारण हेच, बाकीचं सगळं त्यामागनं आलंय.

अण्णा, भट्टीचा आकार सांगते म्हणजे तुम्हाला लगेच कळेल. आतनं गोल, तीन फूट रुंद, वर घुमट, आणि मधोमध घुमटाची उंची १८ इंच. तोंड सव्वाअकरा इंच उंच. हे मनानं घेतलेलं माप नाही. आतल्या उंचीला शंभर धरलं तर तोंड त्रेसष्टच्या आसपास ठेवायचं, असं या भट्ट्या बांधणारे सांगतात. तोंड उंच केलं की ऊब बाहेर पळते, ठेंगणं केलं की जाळ घुसमटतो आणि धूर धरतो. आमचा गवंडी म्हणत होता, "ताई, हात जायला मोठं ठेवूया." मी ठेवू दिलं नाही.

तुमच्या गुऱ्हाळावरच्या चुलवाणाचं, त्या मोठ्या चुलीचं, धुराडं पाठीमागं असायचं. जळण पुढनं घालायचं, जाळ काहिलीच्या, रस उकळायच्या त्या मोठ्या कढईच्या, पोटाखालनं फिरून मागं जायचा. इथं धुराडं पुढं, तोंडाच्या कमानीवर, घुमटाच्या बाहेर असतं. गार हवा तोंडाच्या खालच्या अंगानं आत शिरते, एका बाजूला रचलेल्या लाकडांतून जाते, जाळ घुमटाला चाटत पलीकडे वळतो आणि धूर वरच्या अंगानं पुन्हा तोंडाशी येऊन धुराड्यात जातो. मागं भोक ठेवलं असतं तर सगळी ऊब सरळ आभाळात गेली असती. काहिलीला खालनं जाळ पाहिजे, पिझ्झाला वरनं पण पाहिजे. तापलेली फरशी खालनं भाजते, आणि तापलेला घुमट वरनं ऊब खाली फेकतो. घुमट ठेंगणा ठेवायचा तो त्यासाठीच.

खालचं बांधकाम काळ्या दगडाचं, कमरेइतकं. आत मुरूम आणि खडी ठासून भरली. त्यावर रिकाम्या काचेच्या बाटल्या आडव्या मांडून मधल्या फटी माती-भुश्यानं भरल्या, म्हणजे बाटलीत कोंडलेल्या हवेमुळं ऊब खाली दगडात मुरत नाही. त्यावर बारीक वाळूचा थर, आणि मग फायरब्रिक, म्हणजे जाळ सोसणाऱ्या भट्टीच्या विटा. नऊ इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड. या विटा कोरड्याच बसवल्यात, सांध्यात काही भरलं नाही. तापल्यावर वीट फुगते, तिला जागा लागते, आणि उद्या एखादी फुटली तर तेवढीच काढून बदलता येते. कडा मात्र एका पातळीत पाहिजेत, नाहीतर पिझ्झा आत सरकवायचं फावडं अडतं आणि पिझ्झा दुमडतो. मी गुडघ्यावर बसून प्रत्येक सांध्यावरनं बोट फिरवत होते. गवंड्यानं घुमटाला सिमेंटचा हट्ट धरला होता. साध्या सिमेंटची पकड एवढ्या उष्णतेत सुटते, म्हणून घुमट मातीचाच घातला.

आणि माती म्हटलं की आई.

आई, तू चूल घालायचीस तेव्हा रानातली काळी माती कधी घेतली नाहीस. "ती वाळली की भेगाळती," म्हणायचीस, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाची चिकणमाती आणायला मला पाटी देऊन पाठवायचीस. तुझं म्हणणं शास्त्राला धरून होतं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मी इथं कुंभारांच्या वापरातली माती मिळवली. थोडी बाटलीत घालून, पाणी ओतून, हलवून ठेवली. वाळू आधी तळाशी बसली, मग गाळ, आणि चिकण सगळ्यात शेवटी. कशाचा थर किती ते डोळ्यांना दिसतं. त्यावरनं वाळू ठरवली, मातीच्या साधारण दुप्पट.

मग ताडपत्रीवर ओतून तुडवली. दोन्ही पोरं अनवाणी उतरली होती, अगदी केसापर्यंत माखली. आधी पायाखाली नुसती गिळगिळीत लागते, बोटांतनं वर येते. मग वाळू मुरत गेली की करकर आवाज यायला लागतो आणि पाय जड होतो. झाली का ते बघायला मूठभर गोळा करून छातीच्या उंचीवरनं जमिनीवर टाकायचा. फुटला तर पाणी कमी, पसरला तर जास्त. आपटून गोळाच राहिला की माती तयार. तू हे गोळा न टाकता नुसत्या अंगठ्यानं दाबून सांगायचीस. मला अजून ते येत नाही, ते तुझ्याकडून शिकायचं राहिलंय.

फरशीवर ओल्या वाळूचा ढीग थापून घुमटाचा साचा केला, त्यावर ओली वर्तमानपत्रं चिकटवली, आणि खालनं वर चार-चार बोटांचे थर चढवत चार इंच जाडीची माती घातली. ती कडक झाल्यावर तोंड कापून वाळू उकरून काढली. कागद लागला की थांबायचं, त्यासाठीच तो असतो. वरचा दुसरा थर माती आणि गव्हाच्या भुश्याचा. तू चुलीच्या मातीत भुसा आणि शेण कालवायचीस, भेगा पडू नयेत म्हणून. इथं भुश्याचं आणखी एक काम आहे. त्यामुळं मातीत बारीक पोकळ्या राहतात, हवा धरून राहते आणि आतली ऊब बाहेर यायला वेळ लागतो. साताऱ्याचा पाऊस बघता मातीला उघडं ठेवून चालणार नाही, म्हणून वर पत्र्याचं छप्पर केलंय. पाऊस पश्चिमेकडनं येतो, तोंड पूर्वेला ठेवलंय.

आता अण्णा, तुमची गरज इथं आहे. भट्टी उभी आहे, पण ती अजून पेटलेली नाही. मातीच्या पोटात पाणी आहे. एकदम मोठा जाळ केला तर त्या पाण्याची वाफ होऊन घुमट तडकतो. म्हणून आधी लहान जाळ, नुसता हाताला कोमट लागेल एवढा, मग दुसऱ्या दिवशी थोडा वाढवून, असं करत करत माती सुकवायची. मला आठवतंय, हंगामाच्या सुरुवातीला नव्यानं लिंपलेल्या चुलवाणाला तुम्ही चिपाड घालू द्यायचा नाहीत. मूठ-मूठ पाचट जाळत बसायचात आणि जळण घालणाऱ्या जाळव्याला दम द्यायचात, "घाई केलीस तर हंगामभर रडशील." तो हात मला या भट्टीवर पाहिजे. भट्टीपासनं चार पावलांवर तुमची खुर्ची टाकीन. उन्हातही बसवणार नाही.

या भट्टीत किती ऊब होते ते ऐका. इटलीतल्या नेपल्स शहराच्या पद्धतीनं फरशी ४३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. आपल्या लाईटच्या ओव्हनची मजल अडीचशे अंशांपर्यंत. त्यात पिझ्झा भाजायला वेळ लागतो, तोवर पिठातलं पाणी उडतं आणि कड खडखडीत होते. भट्टीत कड फुगून येते, वर काळे डाग पडतात, पण आतनं ओलसर, मऊ राहते. अण्णांच्या दातांना मधला भाग सहज जाईल, मी मुद्दाम लक्षात ठेवलंय. भट्टी तयार झाली हे ओळखायची खूण तुम्हाला आवडेल. पेटवल्यावर घुमट आतनं काजळीनं काळा होतो. पुरेसा तापला की ती काजळीच जळून जाते आणि घुमट पांढरा पडायला लागतो. तुम्ही धुराचा रंग बघून सांगायचात, जळण ओलं आहे का जाळ कोंडलाय. मोजायची बंदूक मिळते आता, लाल ठिपका टाकला की अंश सांगते. ती मी घेतलीय. पण तुम्ही बघून सांगा, मग मी मोजून बघते.

नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोनं २०१७ साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. पीठ मळणं, हातावर फिरवणं, भट्टी सांभाळणं, एका पिढीनं दुसरीला शिकवणं, हे सगळं धरून. वाचलं तेव्हा मला आपल्या गुऱ्हाळावरचे गुळवे आठवले. काहिलीतला पाक उकळताना नुसत्या बुडबुड्यांवर नजर ठेवून, थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघून, "उतरवा" म्हणायचे, आणि त्या एका शब्दावर अख्खी काहील सुधरायची नाहीतर वाया जायची. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण त्या गुळव्याची नजर कोणी लिहून ठेवलीय? तुम्ही त्यांच्याशेजारी इतके हंगाम उभे होतात. आलात की मला सांगा, मी लिहून घेईन. जाळाजवळ बसलात की तुम्ही बोलता, एरवी बोलत नाही.

आई, तुझ्यासाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ ठेवलीय. रात्री जाळ विझवून तोंडाला लाकडी दार लावलं की भट्टी सावकाश निवत जाते. आधी वांगी, रताळी, शेंगा, मग पाव. ऊब १६० अंशांच्या घरात आली की नानकटाई. दिवाळीत तू रवा, तूप, साखर फेटून पत्र्याच्या डब्यात भरायचीस आणि आपण तो डबा घेऊन तालुक्याच्या बेकरीत जायचो. तिथं बायकांची रांग, प्रत्येकीच्या ट्रेवर खडूची खूण, आणि आपली नानकटाई दुसरीच्या ट्रेमध्ये जाऊ नये म्हणून तू भट्टीच्या दाराशी उभी. आता रांग नाही, हवी तेव्हा कर. तुपाचं प्रमाण मात्र तुझंच पाहिजे, माझी पसरते.

खर्चाचं विचारलंत. पैसे गेले ते फायरब्रिक, पत्रा आणि गवंड्याच्या मजुरीत. दगड जुन्या कुंपणाचा, माती-भुसा किरकोळ. कर्ज काढलेलं नाही, काळजी करू नका.

आता तुमच्या उसाला तोड कधी येते ते कळवा. टोळी आली की तुम्ही हलणार नाही, हे मला माहीत आहे, म्हणून रान मोकळं झाल्यावरच या. बांधावरची बाभूळ गेल्या वर्षी तोडली होती ना, तिची लाकडं आता वाळली असतील. मनगटाएवढी फोडून थोडी बाजूला ठेवा. कण्हेरीची एकही फांदी त्यात येऊ देऊ नका, तिचा धूर विषारी असतो. जुन्या दाराची रंग दिलेली फळकुटं आणि प्लायवूडही नको. पोत्यात गव्हाचा भुसा असेल तर तोही आणा. घुमटावर बारीक भेगा पडल्या तर आईनं हातानं लिंपायचं आहे. आईचा पंप आणि अण्णांच्या गोळ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा. जाळाच्या दिवशी आई घरात बसेल, धूर सरला की बाहेर येईल, हे मी आत्ताच सांगून ठेवते, तेव्हा वाद घालायचा नाही.

एसटीनं येऊ नका. तारीख सांगा, हे गाडी घेऊन येतील, लाकडंही डिकीत मावतील.

तुमची,
लेक