प्रवेश अर्जातला एकच रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांचे प्रवेश सुरू झाले की ठाणे आणि नवी मुंबईत खिडकीवर तोच छापील अर्ज मिळतो. धर्म, जात, मातृभाषा, प्रत्येकाला एकेक रकाना. वडील आगरी आणि आई मिझो, आई मराठी आणि वडील आफ्रिकेतले, एक पालक बौद्ध तर दुसरा मारवाडी, अशा घरांतली मुले ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आता नवलाईची राहिलेली नाहीत. मागे रांग असते, आणि पालक अर्ध्या मिनिटात तिन्ही रकान्यांत वडिलांचे लिहून मोकळे होतात.

ही नोंद शाळेच्या कायमच्या नोंदवहीत, म्हणजे जनरल रजिस्टरमध्ये चढते, तिथून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि त्यावरून पुढच्या शाळेत. मूल त्या शाळेत शिकत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन दुरुस्ती होऊ शकते. दाखला हातात पडल्यावर हेच काम फार अवघड होते. म्हणून अर्ज घरी न्यावा, दोघांनी बसून भरावा, आणि रजिस्टरमध्ये काय चढले ते पहिल्याच वर्षी पाहून घ्यावे. धर्म सांगायचा नसेल तर तोही पर्याय आहे: सरकार कुणालाही धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे.

सर्वांत जास्त घोळ जातीच्या रकान्यात होतो. ‘आई अनुसूचित जातीची, म्हणजे मुलाला जातीचा दाखला मिळणारच’ हे जितके चूक, तितकेच ‘वडील खुल्या वर्गातले, विषय संपला’ हेही चूक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानुसार आंतरजातीय विवाहात मूल वडिलांच्या जातीचे असे आधी गृहीत धरले जाते, पण ते गृहीतक खोडून काढता येते. मूल आईच्या समाजात वाढले आणि तिच्या वाट्याला आलेली वंचना त्याच्याही वाट्याला आली, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. आईचा जातीचा दाखला, तो पडताळून मिळालेले तिचे वैधता प्रमाणपत्र, मूल कुठे आणि कुणाकडे वाढले याची कागदपत्रे सुरुवातीपासून जपावीत. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत चौकशी करणारे दक्षता पथक मुलाची पहिलीतली नोंदही तपासते, आणि सवयीने लिहिलेली वडिलांची जात तिथे आडवी येते. जातीच्या दाखल्याचा अर्जसुद्धा आज फ्लॅट कुठे आहे यावर ठरत नाही. ज्या पालकाची जात सांगायची त्याचे पूर्वज मानीव दिनांकाला, म्हणजे रहिवास पाहण्यासाठी ठरवून दिलेल्या दिवशी, कुठे राहत होते ते पाहतात. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, तर जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आहे.

मातृभाषेचे तुलनेने सोपे आहे. जनगणनेच्या व्याख्येत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती. मूल फाडफाड हिंदी बोलते म्हणून तिथे हिंदी लिहू नये. (एका वाक्यात दोन भाषा मिसळणे हा गोंधळ नाही, दोन्ही शिकत असल्याची ती खूण आहे.)

रकाना बदलला की माणसे दिसू लागतात. अमेरिकेच्या जनगणनेत २००० पासून एकाहून अधिक वंश निवडता येतात. २०१० मध्ये तसे सांगणारे सुमारे ९० लाख होते, २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख. यातली बरीच वाढ प्रश्नाची मांडणी आणि उत्तरे नोंदवायची पद्धत बदलल्यामुळे झाली. आपल्याकडेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बंधनकारक झालेच आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपल्या शाळांच्या अर्जात आईची भाषा आणि वडिलांची भाषा अशा दोन ओळी छापायला काय हरकत आहे?

अर्जाइतकेच वर्गात जे घडते तेही महत्त्वाचे. तीन-चार वर्षांच्या मुलाला रंगातला आणि केसांतला फरक दिसतो. ‘काळी’, ‘चिनी’, ‘तू खरी कुठली?’ हे कानावर आले की ‘रंग बघायचा नसतो गं’ म्हणून बाईंनी विषय बंद करू नये. त्यातून आपला रंग बोलायच्या लायकीचा नाही, एवढेच ते मूल शिकते. ‘तिची आई ऐझॉलची, बाबा दिवाळे गावचे, ती नेरूळची’ इतके तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगावे. चित्रकलेच्या तासाला फिक्या गुलाबी खडूला ‘स्किन कलर’ म्हणणे थांबवावे आणि तपकिरीच्या तीन-चार छटा पेटीत ठेवाव्यात. वंशवृक्षाचा तक्ता देताना आजोळच्या फांद्याही तितक्याच लांब काढाव्यात.

आणि घट्ट दोन वेण्यांचा नियम. दाट कुरळे केस कोरडे असताना बारीक दातांच्या फणीने मुळापासून ओढले की तुटतात, आणि घट्ट बांधून कपाळाजवळचे केस विरळ होतात. ते ओले करून, थोडे तेल लावून, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर सोडवायचे असतात. रोज सकाळी रडत शाळेत येणाऱ्या मुलीसाठी मुख्याध्यापकांनी सैल एका वेणीची मुभा द्यावी, त्यासाठी कुणाच्याही परवानगीची वाट पाहू नये.

– शालेय समुपदेशक, नेरूळ, नवी मुंबई